आत्या भाडेकरू ठरली तेव्हा

राज्याची नवी मांडणी झाली, राजधानी भोपाळला गेली आणि तिच्यामागून वडिलांची कचेरीही गेली. ग्वाल्हेरला, नई सडकेच्या मागच्या गल्लीतल्या घरात आम्ही तिघी उरलो: आई, मी आणि आत्या. मी नुकतीच मुलींच्या शाळेत शिकवू लागले होते. आत्या वडिलांची थोरली बहीण, तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. मागच्या दोन खोल्यांत ती राहायची. तिचं सोवळं कडक, म्हणून चूल वेगळी. बाकी भाजी निवडणं, पापड लाटणं, भांडणं, सगळं आमच्याबरोबरच.

हे घर आजोबांना फौजेतल्या नोकरीबद्दल दरबाराकडून मिळालेलं. त्याची घरपट्टी भरल्याचं कुणालाच आठवत नव्हतं. संस्थान विलीन झालं तशा जुन्या माफ्या एकेक करून गेल्या, त्यात आमचीही गेली. एक दिवस नगरपालिकेचा माणूस आला. त्यानं फीत धरून खोल्या मोजल्या, नळ पाहिला, मागे जाऊन दुसरी चूल पाहिली आणि गेला. काही दिवसांनी नोटीस आली. ती मीच वाचून दाखवली. पुढचा भाग मालकाचा, आणि मागच्या दोन खोल्यांत ‘किरायेदार, विधवा महिला’, म्हणून त्या खोल्यांची पट्टी जास्त.

तांदूळ निवडणारा आत्याचा हात थांबला.

“किरायेदार म्हणजे मी?”

“चुकून लिहिलंय, आत्या.”

संध्याकाळी आई मागे गेली तर आत्या लुगड्यांच्या घड्या ट्रंकेत भरत होती. उज्जैनला तिचे दीर होते. इतक्या वर्षांत त्यांनी तिची साधी विचारपूस केली नव्हती.

“माझ्यापायी भावाला जास्त भरावं लागणार,” ती म्हणाली. “त्यापेक्षा मी जाते तिकडे.”

आई ट्रंकेशेजारी जमिनीवरच बसली. “वन्सं, ते भोपाळहून आले की मी काय सांगू? घरपट्टी वाचवायला तुमची बहीण घालवली, म्हणून?”

आत्यानं भरणं थांबवलं, पण ट्रंक तशीच उघडी राहिली.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी नगरपालिकेत गेले. मला त्यातलं काहीच कळत नव्हतं. तिथल्या अधिकाऱ्यांनी मला बसायला सांगून समजावलं. घर भाड्यानं दिलं तर वर्षाला काय येईल, याचा अंदाज धरतात आणि त्यावर पट्टी बसवतात. खरोखर भाडं येतं की नाही, हा प्रश्न नाही. मात्र मालकाचं कुटुंब स्वतः राहतं त्या भागाला सूट असते. चूक झाली असेल तर सुनावणीला या, आणि जमलं तर आत्यांनाही आणा, म्हणाले.

घरी सांगितल्यावर आई दबकत म्हणाली, “नगरपालिकेचे लोक पुन्हा बघायला आले तर? तोवर मागची चूल बंद ठेवू या का?”

“का म्हणून?” आत्या म्हणाली. “माझी चूल आहे ती आहे. मी येते सांगायला.”

ती आयुष्यात कधी कचेरीत गेली नव्हती. टांग्यात पदर घट्ट धरून बसली होती. साहेबांसमोर मात्र सरळ उभी राहिली.

“माताजी, किराया कितना देती हैं?”

“इसी घर में पैदा हुई हूँ, बेटा. किराया किसको दूँ, बाप को?”

साहेबांनी चष्मा काढला. “फिर चूल्हा अलग क्यों है?”

“विधवा हूँ, सोवळ्यात पकाती हूँ. एकादशी को सबका फराळ मेरे ही चूल्हे पर बनता है.”

‘सोवळं’ त्यांना कळलं की नाही कोण जाणे. त्यांनी आत्याला खुर्ची दिली, ‘किरायेदार’ खोडलं आणि ‘मालकाची बहीण’ असं लिहिलं. पट्टी कमी झाली, पण माफ झाली नाही.

परत येताना आत्यानं विचारलं, “म्हणजे द्यावी लागणारच?”

“हो. रस्त्यावरचे दिवे, नाल्या, झाडलोट, सगळं त्यातूनच होतं.”

“मग आपल्या दारची नाली का तुंबते?”

“ते साहेबांनाच विचारायला हवं,” मी म्हणाले.

दिवाळीला वडील आले. आईनं सगळी हकिगत सांगितली, ट्रंकेचीही. ते तसेच उठून मागे गेले आणि म्हणाले, “ताई, घरावर तुझंही नाव लावतो.”

“म्हातारपणी मला घर काय करायचंय?”

“राहायचंय. परत कुणी विचारायला नको.”

तिनं दोन दिवस नको नको केलं, मग सही केली. पुढल्या वर्षीपासून नोटीस बहीणभावाच्या नावानं येऊ लागली. भरायला आत्या स्वतः जायची, मी सोबतीला. पैसे भरून झाले की ती साहेबांच्या खोलीत डोकवायची आणि नालीचं काय झालं ते विचारूनच बाहेर पडायची.