न्हावऱ्याचं काटेरी कुंपण

शिरूरच्या एसटी स्टँडवर उतरले तेव्हा उन्हाळा तापला होता आणि माझ्या पिशवीत 'फड्या निवडुंग वाचवा' या पत्रकांचा गठ्ठा होता. पत्रक मीच लिहिलेलं. बांधाबांधावरून हे झाड उपटलं जातंय असं ऐकून मी पुण्याहून निघाले होते.

पुण्यात निवडुंग म्हणजे खिडकीतली इवलीशी कुंडी. न्हावऱ्याच्या वाटेवर तो माणसाच्या डोक्यावर गेलेला दिसला. तळव्यांसारखे जाड हिरवे फडे एकावर एक चढलेले, त्यांवर लांब काटे आणि कडेला जांभळी बोंडं (फळं). मूळ अमेरिकेच्या कोरड्या मुलखातलं हे कुळ. शास्त्रात नाव ओपन्शिया. जाती पुष्कळ, पण इथे भांडण दोघींचं: जुनी काटेरी आणि चाऱ्यासाठी आणलेली बिनकाटेरी.

न्हावऱ्यात ओळखीच्या कुसुमकाकूंकडे उतरले. गाडीवाटेला लागून त्यांचा वांग्या-मेथीचा तुकडा आणि वाटेच्या बाजूने सासूच्या हातचं फड्याचं कुंपण. वाटेने दिवसभर जनावरं जातात, पण आत एकही तोंड घालत नाही. काकूंनी भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं.

"दुष्काळात सासूबाई काटे जाळावर भाजून फडा शेळ्यांना घालायच्या," त्या म्हणाल्या. "आता उद्या जेसीबी येतोय. समदं काढणार."

जेसीबी गावातल्या संदीपचा. वाटेच्या कडेची काटेरी झाडी काढून तिथे बिनकाटेरी लावायची असं गावात ठरलं होतं. संध्याकाळी तो कुंपण बघायला आला.

"काकू, कुंपनबी हुईल आन् चाराबी. काटे कुणाला पायजेत?"

"बिनकाट्याचं कुंपन म्हंजी पापडाचं कुंपन," काकू म्हणाल्या. "चार दिवस उभं ऱ्हाईल का?"

मी त्याच्या हातात पत्रक दिलं. त्याने उभ्याउभ्या शेवटपर्यंत वाचलं. "लिवलंय झ्याक. पन वरवंडच्या आप्पांचं बिनकाटेरी कुंपन बघा, ताई. मी गेल्या साली बघितलंय, हिरवंगार." त्याने मोबाइलमधला फोटो दाखवला.

"मी सकाळी जाऊन बघते. येईपर्यंत थांबाल?"

"दुपारपत्तुर. मग न्हाई."

सकाळी मिळाली त्या पहिल्या जीपने निघाले. पारगावला भीमा ओलांडली की दौंड तालुका. पुढे उसाचे फड आणि गुऱ्हाळांचा गोड धूर. चौफुल्याला वाहन बदलताना एका गुऱ्हाळवाल्याने कोमट गुळाचा खडा हातावर ठेवला. तो चघळतच वरवंडला पोचले.

आप्पांचं कुंपण शोधावं लागलं, कारण ते नव्हतं. डाळिंबाच्या कडेने जमिनीतून बोटभर हिरवे खुंट वर आले होते. बस्स. डाळिंबाच्या खालच्या फांद्याही साफ खाल्लेल्या.

"आप्पा, हे कुणी केलं?"

म्हातारे आप्पा बांधावर बसले आणि टोपी काढून वारा घेऊ लागले. "म्याच. कांदा निघाल्यावर खतासाठी शेजारच्या रानात मेंढ्या बसवल्या. मेंढपाळाला म्हणलं, मामा, बिनघोर झोपा, मधी कुंपन हाय. सकाळी बघतो तर मेंढ्यांनी कुंपनाची न्याहारी केली आन् जेवायला डाळिंबात."

मला हसू आवरेना. तेही हसले.

"शेळ्यांना चारा म्हनून ब्येस हाय हो ते," ते म्हणाले. "म्या राखनीला उभं केलं, तिथं चुकलं. आता जुनी काटेरी शोधतोय, तर गावात फडा न्हाई शिल्लक."

"न्हावऱ्यात आहे. दुपारपर्यंतच आहे. येता?"

आप्पांनी नातवाच्या मोटारसायकलची किल्ली मागून घेतली.

पोचलो तेव्हा जेसीबी कुंपणाशी उभा होता, इंजिन चालू. काकू वाटेवर, पदर खोचून. संदीपने आप्पांना ओळखलं आणि खाली उतरला.

"आप्पा, तुमचंच कुंपन बघून ठरवलं आमी."

"आता खुंटंबी बघायला या." आप्पांनी झालेली गोष्ट सांगितली, मेंढ्यांच्या न्याहारीसकट. वाटेवर जमलेली माणसं हसली. संदीप मात्र हसला नाही. त्याने इंजिन बंद केलं.

"मंग आमी चारा कुठं लावायचा?"

"आत," काकू म्हणाल्या. "ह्या फड्याच्या आडोशाला. भाईर काटेरी, आत बिनकाटेरी. शेळ्या माझ्याबी हायती की."

भांडण तिथेच मिटलं; संदीपने जेसीबी मागे घेतला. आप्पांना काटेरी फडे हवे होते, काकूंना पावसानंतर त्यांच्या खुंटांना फुटतील ते बिनकाटेरी. देवघेव ठरली. पण काटेरी फडा धरायला चिमटा सापडेना. काकूंनी माझ्या पिशवीतून पत्रकांची चळत घेतली, दुमडून जाड पट्टी केली, फडा तिच्यात धरला आणि विळ्याने सपकन कापला. पोतं भरेपर्यंत गठ्ठा संपत आला.

परतीच्या एसटीत कंडक्टर शेजारी टेकला आणि लगेच उठला. "ताई, शिटावर काय सांडलंय? टोचतंय."

पिशवीत उरलेलं एकच पत्रक मी उजेडात धरलं. फड्याच्या बारीक कुसळांनी त्याची चाळण झाली होती, तरी अक्षरन् अक्षर वाचता येत होतं. त्यातला एकही शब्द मी मागे घेणार नाही. पुढच्या छपाईत खाली एक ओळ वाढवीन, काकूंची: भाईर काटेरी, आत बिनकाटेरी. आणि कागद जरा जाड घेईन.