बाईंच्या उंचीची चित्रं

आमच्या विद्यापीठात विद्यार्थ्यांचं चित्रप्रदर्शन दरवर्षी भरवायच्या त्या वनस्पतिशास्त्राच्या बाई. उंचीने माझ्या खांद्यालाही लागत नसत. भूगर्भशास्त्राच्या पोरांकडून रंगीत दगड मागवायच्या आणि चित्रकलेच्या पोरांना ते कुटून रंग करायला लावायच्या. "दोघंही एकमेकांना वेडं समजतात, म्हणून जोडी लावली," असं वर सांगायच्या.

खिळे मात्र स्वतः ठोकायच्या, तेही स्टुलावर न चढता. त्यामुळे प्रत्येक चित्र त्यांच्या बरोबर डोळ्यांसमोर आणि आमच्या छातीशी यायचं.

"बाई, जरा वर लावा की," मी दरवर्षी म्हणायचो.

"का? पोरांनी पाठ मोडेस्तोवर बसून काढलीयत. आपण जरा वाकलात तर झिजणार नाही."

मग आम्ही सगळे, कुलगुरूसुद्धा, वाकून चित्रं बघायचो.

निवृत्त झाल्यावर बाई मुलीकडे वाघोलीला राहायला गेल्या. यंदा चित्रं टेपने मापून, सगळ्यांच्या नजरेला येतील अशी लावली होती. छानच दिसत होती. मी पहिल्या चित्रापाशी गेलो आणि सवयीने वाकलो. समोर नुसती भिंत होती, आणि बाईंच्या खिळ्याचं बुजवलेलं भोक.