केळकरांच्या तबकडीवरचा तडा

ऑफिसातले किस्से फायलींसारखे असतात, एक काढायला जावं तर खालून चार निघतात. आमच्या सेक्शनच्या ढिगाऱ्यात सगळ्यात वर दाणींचं घड्याळ.

छप्पन्न साली नवं राज्य झालं आणि आम्ही नागपूरचे कारकून फायलींच्या पेट्यांसकट भोपाळच्या गाडीत बसलो. इटारसीजवळ दाणींचं खिशातलं घड्याळ वरच्या बर्थवरून पडलं. काच फुटली, पण तबकडी शाबूत. आम्ही खूश! तर आमचे सुपरिंटेंडेंट केळकर म्हणतात, "अस्सल अमेरिकन असतं तर तबकडी तडकली असती. ती चिनी मातीची असते. हे बघा माझं."

त्यांच्या तबकडीवर बाराच्या खाली बारीक तडा होता. तो ते पदक दाखवावं तसा दाखवायचे.

दाणींचं घड्याळ त्यांच्या वडिलांचं. ते रेल्वेत गार्ड होते, आणि जाताना "अमेरिकन आहे, जप" एवढंच सांगून गेले होते. रात्रभर दाणींच्या डोक्यात तेच. सकाळी मला म्हणाले, "बाबांना कुणी फसवलं, की बाबांनी मला?" केळकरांचा मला असा राग आला म्हणता!

* * *

भोपाळात केळकरांनी परीक्षाही सांगितली. तबकडी दाताला लावायची, चिनी माती काचेसारखी लागते. दाणींच्या घड्याळाला काच नव्हतीच, त्यामुळे सगळ्या सेक्शनने आळीपाळीने दात लावले. नेमके मोठे साहेब आत आले. बघत राहिले आणि म्हणाले, "आज डबे नाही आणले का कुणी?"

निकाल लागला, धातूची.

* * *

धातूची म्हटल्यावर दाणीवहिनींनी ती देवाच्या भांड्यांबरोबर चिंचेने घासली. तबकडी लखलखली आणि पाचचा आकडा गेला. धातूवर आकडे नुसते रंगवलेले असतात, हे त्या बिचारीला काय ठाऊक!

"आता दाणींचं ऑफिस काही सुटत नाही," केळकर म्हणाले.

* * *

शेवटी काच बसवायला आम्ही चौकातल्या घड्याळजींकडे, रशीदमियाँकडे गेलो. नकली ठरलेलं ऐकायला केळकर मुद्दाम बरोबर आले.

रशीदमियाँनी मागचं झाकण उघडून भिंग लावलं. "अमरीका का है, खाँ. कारखाने का नाम खुदा है."

दाणींनी तिथल्या तिथे डोळे पुसले.

"लेकिन तबकडी तो धातू की है. हमारी चिनी माती की है," केळकर.

"वहाँ दोनों बनती थीं. आपकी भी धातू की होगी."

केळकर हसले. स्वतःचं घड्याळ पुढे केलं. "ये तडा देखो. धातू को तडा जाता है क्या?"

रशीदमियाँनी काच उघडली आणि तबकडीवरून हलकेच ब्रश फिरवला. तडा ब्रशाला चिकटून वर आला. केस होता.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केळकर दाणींच्या टेबलापाशी येऊन थांबले. "दाणी, किती वाजले हो?"

दाणींनी घड्याळ काढलं, पाचच्या मोकळ्या जागेवर आलेला काटा नीट पाहिला आणि म्हणाले, "सुटलं ऑफिस, साहेब."

केळकरांनी मुकाट्याने टोपी घातली.