जाळ्याचं दुसरं टोक
देवबागेत वाळत घातलेल्या जाळ्यांचा खारट वास आला की मला तो म्हातारा मच्छीमार आठवतो. मनाच्या उपचारांसाठी तो कुडाळला माझ्याकडे यायचा आणि तासभर गप्प बसायचा. मीही गप्प. जुन्या मनोविश्लेषणात मी तेच शिकलो होतो, की आपण आरसा व्हायचं, मध्ये यायचं नाही. आंतरवैयक्तिक म्हणवणारा नंतरचा पंथ सांगायचा की दुखणं दोन माणसांच्या मधे असतं आणि डॉक्टर त्या दोघांतलाच एक. ते मला परीक्षेपुरतं ठाऊक. चौथ्या खेपेला तो फाटकं जाळंच घेऊन आला. "नुसते बघीत काय बसलास? ह्यां टोक धरा." मी धरलं, पण सैल. "माझो भाव असोच सैल सोडी," तो म्हणाला. "एकदा खेकसलंय तेच्यार. तो गेलो तो आजून इलो नाय." मी विचारलं, "मग माझ्यावर का नाही खेकसलात?" त्याने मान वर केली. "तुमीय गेलास तर?" मी टोक ताणून धरलं आणि म्हणालो, "खेकसा." तो हसला, मग गाठी मारता मारता भावाबद्दल बोलत राहिला. परवा तेव्हाची रुग्णांच्या नोंदींची वही चाळली. त्या दिवशीचं पान कोरं आहे. माझे दोन्ही हात गुंतलेले होते.