कोरी बाटली

ग्लेनिस हार्टनॉलचे नाव एक्केचाळीस शोधनिबंधांत छापलेले आहे. सगळीकडे शेवटच्या परिच्छेदात, आभारांत, अनुदान देणाऱ्यांच्या नंतर आणि गाडी देणाऱ्यांच्या आधी. त्यांतल्या तीन ठिकाणी ते चुकीचे छापले आहे. तिची त्याबद्दल तक्रार नव्हती. प्रयोगशाळेत आपले काम ‘काही नाही’ हे सिद्ध करण्याचे, आणि अशा कामाचे कोणी आभार मानते हेच पुष्कळ, असे ती म्हणे.

ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहराच्या मागच्या डोंगरांतल्या ओढ्यांचे पाणी बाटल्यांत भरून आणायचे, बारीक गाळणीतून ओतायचे, आणि गाळणीवर राहिलेल्या न दिसणाऱ्या गाळात कोणाकोणाचा डीएनए आहे ते पाहायचे. प्राणी दिसावा लागत नाही. तो पाय बुडवून गेला तरी पुरते. मात्र प्रत्येक फेरीत एक बाटली विकतच्या शुद्ध पाण्याची न्यायची. ओढ्याकाठी तिचे झाकण उघडायचे, लावायचे, आणि बाकीच्यांसारखीच आणून गाळायची. हिला कोरी म्हणत. कोरीत काही सापडले, तर ते ओढ्यातले नव्हे, आपणच बरोबर नेलेले. मी त्या इमारतीचे भांडार सांभाळत असे, त्यामुळे बाटल्या माझ्याच हातून जात. अकरा वर्षे ग्लेनिसच्या वहीत कोरीसमोर एकच शेरा होता: काही नाही.

तिचा नवरा डेस वनरक्षक होता. त्याला जाऊन चार वर्षे झाली होती. टिनपॉट ओढ्यावर पूर्वी एक तपकिरी बेडूक असे, अंगठ्याएवढा. जुन्या गजराच्या घड्याळाला किल्ली द्यावी तसा त्याचा आवाज, म्हणून किल्लीबेडूक. त्र्याऐंशी साली बुरशीच्या रोगाने ते सगळे गेले. शहाऐंशीत डेसने कळवले की आपण एक ऐकला. समितीने ‘पुराव्याअभावी’ असा शेरा मारून कागद फायलीत लावला. पुढे दर नोव्हेंबरात डेस ओढ्यावर जाई, गजराच्या घड्याळाला किल्ली देई आणि उत्तराची वाट पाहत दगडावर बसे. लोक त्याला घड्याळजी म्हणत. तोंडावरच म्हणत, तिकडे मागे बोलण्याची पद्धत नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट, त्या वर्षी प्रयोगशाळेचा प्रमुख स्टॅव मानिकास याने किल्लीबेडकाचा डीएनए तेवढा नेमका पकडणारी नवी पद्धत बसवली होती. टिनपॉटहून बारा बाटल्या आल्या आणि तेरावी कोरी. एका शुक्रवारी तो धावतच जिन्यावर आला. आम्ही चहा पीत होतो.

“ग्लेनिस, खाली बस आधी.”

“बसलेलीच आहे. याच्या खाली तळमजला.”

“दोन बाटल्यांत सापडला. किल्लीबेडूक!”

ग्लेनिसने कप पायरीवर ठेवला. बराच वेळ ठेवत होती.

“निबंध निम्मा लिहून तयारच आहे,” स्टॅव म्हणाला. “आणि डेसचं नाव घालतोय मी. हार्टनॉल, एकोणीसशे शहाऐंशी. म्हातारा खरं बोलत होता गं!”

“तो नेहमीच खरं बोलायचा,” ती म्हणाली. “तोच तर त्रास होता.”

निबंध ज्या नियतकालिकाला जायचा होता त्याला बेडूक जगला की मेला याच्याशी कर्तव्य नव्हते. ते फक्त पद्धती छापत असे. पद्धत चालते का, आणि कोरी कोरी निघाली का, एवढेच त्याचे प्रश्न. यंत्रातली जागा त्या दिवशी भरल्यामुळे कोरी सोमवारवर गेली होती. असे करू नये हे सगळ्यांना ठाऊक असते, आणि सगळे करतात.

सोमवारी कोरीत किल्लीबेडूक निघाला. ओढ्यातल्या दोन्ही बाटल्यांपेक्षा जास्त.

ग्लेनिसने ती पुन्हा चालवली, आणि पुन्हा. मग भांडारात येऊन माझ्यासमोरच्या खोक्यावर बसली.

“त्या दिवशी तू मला पेटी कुठली दिली होतीस?”

“पांढरी. दहा बाटल्यांची. दुसरीचं झाकण तुटलंय, हे मी तीनदा लिहून कळवलंय.”

“हो. म्हणून उरलेल्या दोन आणि कोरी मी घरच्या एस्कीत नेल्या.”

डेसची हिरवी एस्की, म्हणजे खाणेपिणे गार ठेवायची पेटी, सगळ्यांच्या ओळखीची होती; ग्लेनिस तिच्यातूनच जेवण आणी. इतरांच्या एस्कीत बर्फ आणि बिअर असे; हिच्यात ब्याऐंशी साली डेसने चार किल्लीबेडूक ओल्या शेवाळात गुंडाळून आणले होते, पिंजऱ्यात त्यांची वीण होते का पाहायला. अकरा दिवसांत चारही मेले. नंतर त्याने ती नुसत्या पाण्याने धुतली. साबणाचा त्याला राग होता.

“म्हणजे ते अजून तिथंच आहेत,” ग्लेनिस म्हणाली. “सदतीस वर्षं मी त्यांच्यावर सँडविच ठेवतेय.”

कोणती बाटली कशात होती हे कुठेही लिहिलेले नव्हते. ते तिला ठाऊक होते, आता मला. ती गप्प राहिली असती तर कोरी बिघडलेली म्हणून टाकली गेली असती, बेडूक जिवंत होता आणि डेस खरा होता. त्यासाठी खोटे बोलण्याचीही गरज नव्हती. एक ओळ लिहायची राहून गेली, की झाले.

मंगळवारी ती स्टॅवच्या खोलीत गेली. दार उघडेच होते.

“एक कोरी बिघडली म्हणून काय झालं?” स्टॅव म्हणत होता. “दुसरी आणू. परत जाऊ.”

“परत जाऊच. पण ही टाकून नाही देता येणार.”

“ग्लेनिस, तुला कळतंय ना, ही छापली तर डेसची ओळ जाते?”

“कळतंय.”

“मग तू का सांगतेयस हे मला? मी विचारलंही नव्हतं!”

“तीस वर्षं लोक त्याला म्हणाले, तुला ऐकायचं होतं म्हणून ऐकू आलं. आता मीही तेच करू?”

निबंध नव्याने लिहिला गेला. आता तो बेडकाबद्दल नव्हता, जुन्या सामानाला चिकटून राहणाऱ्या डीएनएबद्दल होता. दोन परीक्षकांकडे गेला. पहिल्याला फार आवडला. दुसऱ्याने, दुसरे परीक्षक विचारतात तसे, एका ओळीत विचारले: दूषित पेटी ब्लीचने निर्जंतुक करून, ओढ्याची पुन्हा तपासणी केली आहे काय?

रविवारी सकाळी ग्लेनिसने एस्की व्हरांड्यात काढली. मी ब्लीचचा डबा घेऊन गेलो होतो. सामान भांडारातूनच जायला हवे, असे मी तिला कारण सांगितले होते. तिने हातमोजे चढवले, डबा उघडला आणि तशीच थांबली.

“या जगात ते एवढेच उरलेत,” ती म्हणाली. “याच्या तळाशी.”

“ओढ्यात असतील.”

“ते विचारायचं तर आधी हे पुसलं पाहिजे. छान पद्धत आहे, नाही?” आणि तिने ओतले. झाकणाच्या खाचा तिने दात घासायच्या ब्रशने घासल्या. वास शेजारपर्यंत गेला असावा, कारण शेजारीण कुंपणावरून म्हणाली, “काय गं, खून केलास की काय?”

“अजून नक्की नाही,” ग्लेनिस म्हणाली.

गुरुवारी आम्ही दोघे टिनपॉटवर गेलो. नव्या पेट्या, नव्या बाटल्या, दर झाकणाला नवे हातमोजे. बारा भरल्या. कोरी उघडली, लावली. मग तिने पिशवीतून गजराचे घड्याळ काढले, डेसच्या दगडावर बसली आणि किल्ली दिली. करर, करर. पाणी वाहत होते. मी जळवा काढायचे थांबवून कान दिले. एकदा पलीकडच्या काठावरून काहीतरी आल्यासारखे वाटले, आणि मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती. अर्ध्या तासाने तिने नोंदीच्या कागदावर हवामान आणि पाण्याचे तापमान यांच्या खाली लिहिले: उत्तर नाही. मला काय वाटले ते मी सांगितले नाही. कोरी माझ्या हातात होती.

तेराही बाटल्यांत काही निघाले नाही. निबंध नऊ दिवसांत स्वीकारला गेला. दुसऱ्या परीक्षकाने लिहिले: समाधानकारक.

डेसची ओळ अर्थातच गेली. ग्लेनिसचे नाव आभारांतून उठून लेखकांत आले, स्टॅवच्या शेजारी, आणि बरोबर छापले गेले. तिने एवढेच मागितले होते की दुसऱ्या तक्त्यात, दूषितीकरणाचा स्रोत या रकान्यात, नुसते ‘पेटी’ लिहू नये. तिथे आता छापलेले आहे: पेटी, डी. हार्टनॉल, चार जिवंत बेडूक, १९८२. डेसचे नाव छापील आलेली ती एकमेव जागा. हा निबंध बाकीच्या एक्केचाळिसांपेक्षा जास्त वाचला जातो, असे स्टॅव सांगतो. पेट्या कशा धुवाव्यात हे सगळ्यांनाच हवे असते.

एस्कीत ती अजून डबा आणते. सँडविचला ब्लीचचा वास येतो, असे आम्ही तिला सांगत नाही. आणि कोणत्याही ओढ्याची असो, कोरी ती आता दोनदा चालवते. नियम एकदाचाच आहे. दुसऱ्या वेळेला ती यंत्रापाशी खुर्ची ओढून बसते, निकाल येईपर्यंत.