पेला पुसायचा रुमाल

उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, भर दुपारी, दीनाबाई इस्त्री बाजूला ठेवते आणि भिंतीला टेकते. संध्याकाळी चर्चमध्ये प्रभुभोजन, सगळ्यांनी एकाच पेल्यातून द्राक्षारस प्यायचा. द्राक्षारसासाठी मनुका उकळून गाळल्यात, पेला पुसायचा पांढराशुभ्र रुमाल मांडीवर आहे. शेजारी स्टीलचा एक गिलास. तो एलीशा साळवेसाठी. त्याच्या गालाला आतून जखम झालीय, लाळ गळते, जवळ बसवत नाही. म्हणून मंडळीने ठरवलं, त्याने मागच्या बाकावर बसायचं आणि वेगळा गिलास घ्यायचा. ठरवलं मंडळीने, पण सुचवलं दीनाबाईनेच.

तिचा डोळा लागतो न लागतो तोच शलमोन उंबऱ्याशी चपला काढतो.

शलमोन तिचा नवरा, त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. चर्चची घंटा वाजवायचा तो. या एलीशाने पंचांपुढे बायबलवर हात ठेवून सांगितलं, शलमोन पिऊन येतो. थेंबाला न शिवलेला माणूस! त्याच्या हातातला घंटेचा दोर गेला, मग त्याने हाय खाल्ली आणि तोही गेला.

"दिने, मनुका गोड हायेत का गं?"

"चाखून बघा की."

"एकट्यानं न्हाई चाखत."

ती उठते तर स्वयंपाकघरात चर्चचे बाक मांडलेले. पुढच्या बाकावर एलीशा पेला तोंडाला लावून बसलाय. तंबाखूच्या रंगाची लाळेची तार हनुवटीवरून पेल्यात उतरते. शलमोन त्याच्या मांडीला मांडी लावून बसतो, पेला घेतो आणि पितो. वर मिशाही पुसतो.

"अहो! त्याच्या तोंडचं प्यालात?"

"व्हय."

"ज्यानं तुमची अब्रू येशीवर टांगली त्याचं उष्टं?"

"दगा देनाऱ्या यहूदानं परभूच्याच ताटात हात घातला व्हता, दिने. परभूला ठावं नव्हतं व्हय, कोण जेवतंय त्ये?"

"त्यो परभू व्हता. मी दीनाबाई हाय."

शलमोन हसतो. बाक ओले लागतात. आता ते बाक नाहीत, नदीवरचे धुण्याचे दगड आहेत आणि दीनाबाई रुमाल पिळतेय. जितका पिळावा तितकं तपकिरी पाणी गळतंय.

"मेल्यानं कधी तुमची माफी तरी मागितली?"

"न्हाई मागितली."

"मग?"

"मग काय. तोंड पूस त्याचं."

पाण्याशी एलीशा बसलाय. जबडा मिटत नाही, माश्या आत-बाहेर करतायत. कुजक्या तंबाखूचा भपकारा येतो. दीनाबाई पदर नाकाला लावते. "मला शिसारी येती."

"यिऊ दे. दोर वढून माझ्या हाताची सालटी निघायची. घंटा ऱ्हायली का कधी?"

ती रुमाल त्या हनुवटीला लावते. हनुवटी तापलेली आहे, मऊ आहे. एलीशाचे डोळे भरून येतात, आणि तिला त्याचीही किळस येते.

"रडू नगं, मेल्या," ती म्हणते आणि पुसते.

घंटा वाजते. संध्याकाळची पहिली. इस्त्री गार झालीय, दाराशी चपला नाहीत. मांडीवरच्या कडक इस्त्रीच्या रुमालावर अंगठ्याएवढा डाग आहे, तपकिरी आणि ओला. ती नाकाशी नेते. तंबाखू.

ती मोरीकडे धावते, पित्त पडेपर्यंत ओकते, चूळ भरते. साबण हाताशीच आहे. ती त्याच्याकडे बघते, मग डाग आत जाईल अशी रुमालाची घडी घालते. गिलास फळीवर पालथा ठेवते. द्राक्षारसाचं भांडं काखेत घेते. एलीशाला मागच्या बाकावरून उठवून पुढे, आपल्याशेजारी आणून बसवायचं, तर दुसऱ्या घंटेआधी पोचायला हवं. आणि त्याच पेल्यातून आधी त्याने प्यायचं, मग आपण.

वाटेत तिला पुन्हा उमासा येतो. ती थांबते, थुंकते आणि चालायला लागते.