तीस पावलांवरून दिसणारा बाण

सकाळी पाच वाजून चाळीस मिनिटांनी पेंटर मागच्या दाराच्या पायरीवर बसून पिवळा रंग ढवळत होता. मोठ्या डब्याच्या तळाशी बसलेला गाळ लाकडी पट्टीने पूर्ण सुटायला सात मिनिटं लागतात. तेवढी तो नेहमी देतो. मग तारेची कडी असलेल्या छोट्या डब्यात रंग ओततो, तोही पाऊणच. गळ्यापर्यंत भरलेला डबा शेवटच्या कातळावर हिंदकळतो आणि पँटला रंग मिळतो, दगडाला नाही. पिशवीत दीड इंची ब्रश, शेवाळ खरवडायला तारेचा ब्रश, जुन्या बनियनचे बोळे आणि खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत टर्पेंटाइन. ही बाटली एकदा बायकोने खोकला झाल्यावर चमच्यापर्यंत नेली होती. तेव्हापासून तिला लाल पट्टी चिकटवलेली आहे आणि तो विषय घरात काढायचा नाही असं ठरलेलं आहे.

एरवी तो दवाखान्यांच्या पाट्या, गॅरेजचे फलक आणि ट्रकच्या मागचे नंबर रंगवतो. पण गावात त्याची ओळख आहे ती डोंगरावरच्या बाणांमुळे. एकोणीस वर्षं वनखात्याच्या कचेरीने हे काम त्याच्याकडे दिलेलं आहे. बसथांब्यापासून शिखरापर्यंत एकशे अठरा बाण. तीन तास जंगलातून चढ, मग चाळीस मिनिटं उघड्या कातळावर हातापायांनी. दर मोसमाच्या सुरुवातीला तो प्रत्येक बाण घासून नव्याने रंगवतो, आणि रंगवला की तीस पावलं मागे जाऊन बघतो. तिथून दिसला तर ठीक. नाही दिसला तर पुसून जागा बदलतो. हा नियम त्याने स्वतःच केला आणि स्वतःच आजवर पाळला.

चार दिवसांपूर्वी कचेरीतल्या बाईंनी त्याला बोलावून घेतलं. या मोसमात तीन गट वाट चुकले होते. त्यातल्या एकाला शोधायला माणसं पाठवावी लागली. मोठ्या शहरातली एक कंपनी नंबर घातलेल्या धातूच्या पट्ट्या बसवून द्यायला तयार होती, बसवणारी माणसंही त्यांचीच. बाईंनी त्याला आडपडदा न ठेवता सांगितलं की शुक्रवारी कचेरीतली चार माणसं, डोंगर कधीही न चढलेली, फक्त बाण बघत वर जाऊन खाली येतील. नीट आली तर बाण राहतील. चुकली तर पुढच्या मोसमापासून पट्ट्या.

पेंटरला राग आला, पण त्याने तो हसण्यावारी नेला. म्हणाला, लोक हल्ली मोबाइलमध्ये तोंड घालून चालतात, त्यांच्यापुढे विमानतळाची धावपट्टी आखली तरी ते शेजारच्या शेतात उतरतील.

बाई कागदावरून नजर न काढता म्हणाल्या, “चढताना मात्र कुणी चुकत नाही.”

हे वाक्य त्याने ऐकलं आणि तिथेच सोडून दिलं.

घरी आल्यावर मात्र जेवण जाईना. बायको बसस्थानकाच्या तिकीट खिडकीवर असते. दिवसभर लोकांना एका वाक्यात उत्तर द्यायची सवय. तिने दोन दिवस त्याची भुणभुण ऐकली आणि मंगळवारी उपाय सांगितला. नणंद आठवडाभरासाठी राहायला आलेली होती. “ताईंना घेऊन जा. त्या चुकल्या नाहीत, तर जगात कुणीच चुकणार नाही.”

ताई म्हणजे पेंटरची थोरली बहीण. वय एकसष्ट. चौतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. अर्ध्या शहराचे नंबर तोंडपाठ, पण स्वतःच्या इमारतीत शिरताना मजला चुकते. एकदा डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडून ती थेट एक्स-रेच्या रांगेत उभी राहिली आणि नंबर लागेपर्यंत तिथून हलली नाही. नवरा तिला बाजारात पाठवताना परतीचा रस्ता चिठ्ठीवर लिहून देतो. तिला त्याचं काही वाटत नाही. नंबर लक्षात ठेवायचे की रस्ते, असा सवाल ती उलट टाकते.

अट एवढीच होती की ताईने पुढे चालायचं आणि पेंटरने दहा पावलं मागे, तोंड बंद ठेवून.

“तू दिवसभर गप्प राहणार?” ताई म्हणाली. “मग तर येतेच.”

म्हणून बुधवारी ती दोघं सहा पाचच्या बसमध्ये होती. ताईच्या पायात कापडी बूट, खांद्याला पर्स. पर्स कशाला, असं त्याने विचारलं तेव्हा त्याला कळलं की माणूस डोंगरावर जातो म्हणून त्याला रुमाल, चष्मा आणि गोळ्या लागायच्या थांबत नाहीत. ब्रेड, उकडलेली अंडी आणि पाणी त्याच्या पिशवीत होतं.

चढताना ताईने त्याला थक्क केलं. ती प्रत्येक बाण मोठ्याने मोजत होती, नंबर सांगितल्यासारखा, एकेक आकडा स्वच्छ. बत्तीसाव्या बाणापाशी वाट दोन उंच झाडांच्या मधून फुटते, तिथे ती क्षणभरही थांबली नाही. ओढ्याकाठी नेच्यांनी पायवाट झाकली होती, पण पलीकडच्या दगडावर बाण लखलखत होता. ताई सरळ त्याच्याकडे गेली. पेंटर मागून येत होता, जिथे रंग उडाला होता तिथे हात फिरवत होता आणि मनातल्या मनात कचेरीतल्या बाईंना चार शब्द ऐकवत होता. छोटा डबा हलका होत गेला, तसं त्याचं डोकंही.

जंगल संपलं तिथे एकशे चौथा बाण. त्यापुढे कातळ. ताईने मान वर करून तो नीट पाहून घेतला.

“हे तू मला घरी सांगितलं नव्हतंस.”

गप्प राहायचं ठरलेलं असल्यामुळे त्याने फक्त खांदे उडवले. मग तो नियम थोडा सैल करून त्याने तिला सांगितलं की तीन जागा पक्क्या धरल्याशिवाय चौथी सोडायची नाही. दोन हात आणि एक पाय, नाहीतर दोन पाय आणि एक हात. ताईने पर्स गळ्यात आडवी घातली आणि निघाली. पहिल्या खाचेत गुडघा टेकवला, दुसऱ्या ठिकाणी कोपर, एका जागी चक्क हनुवटी. चौदा बाणांमध्ये तिने दोनदा त्याच्या बालपणाचा उद्धार केला. सव्वाअकराला ती शिखरावर होती. लाल तोंडाने अंडं सोलत तिने विचारलं, खाली ती गोल टाकी दिसते त्यावरची अक्षरं कुणाची? त्याचीच होती. एवढ्या लांबूनही वाचता येत होती. त्याने मोठ्या मनाने दुसरं अंडंही तिलाच दिलं.

बाराला उतरायला सुरुवात केली. कातळावर काही अडचण आली नाही. तोंड दगडाकडे आणि पाठ दरीकडे ठेवून उतरायचं असल्याने बाण नाकासमोरच येत होते. ताई उलटे आकडे म्हणत होती. एकशे अठरा, एकशे सतरा. शेवटी ती खाली टेकली. तिथे खाटेएवढी सपाट जागा आहे आणि तिच्यापुढे दोन घळी उतरतात. डावी जंगलातल्या वाटेला मिळते. उजवी अधिक रुंद, पायाला सोपी, आणि साठएक पावलांनंतर तीन पुरुष उंचीच्या कड्यावर संपते.

ताईने गुडघे झटकले, वळली आणि उजव्या घळीत शिरली.

पेंटरने शब्द दिला होता. त्याने वीसपर्यंत मोजलं. तिने आता थांबायला हवं होतं, मागे बघायला हवं होतं. ती मजेत चालली होती. घळीतले दगड पावलांनी गुळगुळीत झालेले त्याला पहिल्यांदाच दिसले. म्हणजे इथून बरेच जण गेले होते.

“ताई, थांब.”

ती थांबली. तो खाली उतरला आणि तिला परत सपाट जागेवर घेऊन आला. आवाज चढू नये याची काळजी घेत म्हणाला, “अगं, बाण बघायचा ना.”

“कुठला बाण?”

“हा काय...” त्याने हात उचलला.

हाताच्या टोकाला राखाडी दगड होता. त्यावर थोडं वाळलेलं शेवाळ, बाकी काही नाही. एकशे चौथा बाण याच दगडावर आहे हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. दोन तासांपूर्वीच त्यावर त्याने ब्रश फिरवला होता. तो दगडाला वळसा घालून खालच्या अंगाला गेला. बाण तिथे होता. ओला, पिवळाधमक, वर येणाऱ्याच्या बरोबर डोळ्यांसमोर. तो पुन्हा वर आला. राखाडी दगड. पुन्हा खाली गेला.

ताई पर्समधून रुमाल काढून मान पुसत त्याच्या फेऱ्या बघत होती. तिसऱ्या फेरीला तिने विचारलं, “तू तुझी तीस पावलं मागे जाऊन बघतोस ना?”

“प्रत्येक बाण.”

“मागे म्हणजे कुठे?”

मागे म्हणजे खाली. एकोणीस वर्षं तो रंगवत वर गेला होता आणि रिकामा डबा घेऊन खाली आला होता. खाली येताना त्याने एकही बाण पाहिला नव्हता, कारण त्याला त्यांची गरजच नव्हती. वाट पायांना पाठ होती, डोक्यात बस आणि जेवण.

ताईने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि आवाज जरा उतरवला. “आमच्याकडे नवीन मुलगी आली की पहिल्या दिवशी हेच शिकवायचो. फोन जोडून दिला की काम संपत नाही. बोलणं संपलं की लाइन सोडवायचीही आपणच.”

डब्यात दोन बोटं रंग उरला होता. त्याने तारेच्या ब्रशने दगडाची वरची बाजू घासली, बनियनने पुसली आणि डाव्या घळीकडे वळणारा बाण काढला. मग ताईला विनंती केली की तिने कातळावर थोडं वर चढून बघावं.

“पुन्हा वर?”

“थोडंसंच.”

“तीस पावलं?”

“दहा पुरेत.”

“नियम आहे तुझा,” असं म्हणून ताई हातपाय लावून निघाली, आणि मधेच एका खाचेतून ओरडून म्हणाली की बाण दिसतोय, पण शेपूट जाड कर. त्याने शेपूट जाड केली. डबा कोरडा झाला.

उरलेल्या वाटेवर तो ताईच्या पुढे गेला नाही आणि त्याने तिला सावधही केलं नाही. ती चुकली की उभा राहायचा, कागदावर खूण करायचा आणि तिला हाक मारायचा. ती सहा ठिकाणी चुकली. बत्तीसाव्या बाणाच्या दोन झाडांपाशी ती इतक्या आत्मविश्वासाने भलतीकडे गेली की तिला गाठायला त्याला पळावं लागलं. कातळावरचे चौदा सोडून वरून येणाऱ्याला नऊच बाण दिसत होते. एकतीस जागा अशा होत्या की तिथे नवा बाण काढल्याशिवाय गत्यंतर नव्हतं.

चार वीसच्या बसमध्ये ताई खिडकीला डोकं टेकून झोपली. पेंटर कागद मांडीवर ठेवून बसला होता. उद्या गुरुवार. एका दिवसात एकतीस बाण होतील. शुक्रवारी चार माणसं नीट खाली येतील, काम राहील, आणि आधीचे तीन गट मोबाइलमध्ये बघत होते ही गोष्ट जिथल्या तिथे राहील. कुणाला काही सांगायची गरज नव्हती. हा हिशोब त्याने दोनदा केला, दोन्ही वेळा बरोबर आला, आणि दोन्ही वेळा त्याला उजव्या घळीतले गुळगुळीत दगड आठवले.

बसस्थानकावर उतरल्यावर, बायकोच्या खिडकीसमोरच्या बाकावर बसून त्याने कचेरीत फोन लावला.

“मॅडम, ते तीन गट चुकले नव्हते. मी चुकलोय. वरून येताना माझे बाण दिसतच नाहीत.”

पलीकडे कागद सरकवल्याचा आवाज आला. “किती वर्षं?”

“एकोणीस.”

बाईंनी डायरीचं पान उलटलं. मग त्यांनी विचारलं की शुक्रवारची पाहणी पुढे ढकलायची आहे का. तो म्हणाला, नको, एक दिवस पुरेल. बाई म्हणाल्या, पट्ट्यांचा कागद त्या शुक्रवारपर्यंत टेबलावरच ठेवतील, फाडणार नाहीत. आणि पाहणीला चार नाही, पाच माणसं येतील. उतरताना सगळ्यांच्या पुढे त्या स्वतः चालतील. त्याने बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं की बाईंनी त्याला शाबासकी दिली नव्हती आणि झापलंही नव्हतं. शुक्रवारी काय होईल ते त्यालाही सांगता आलं नसतं.

काचेपलीकडून बायको सगळं ऐकत होती. एका गिऱ्हाइकाचे सुटे पैसे देता देता तिने विचारलं, “उद्या किती?”

पेंटरने ताईकडे पाहिलं. ताई बाकावर बसून बुटातला खडा काढत होती. तिचं परतीचं तिकीट उद्याचं होतं.

“शनिवारचं कर गं माझं,” ती वहिनीला म्हणाली. “याला चुकणारं माणूस लागतं. तुमच्यात दुसरं कोण आहे?”

बायकोने तिकीट बदललं आणि डोंगराची दोन फाडून काचेखालून सरकवली. उद्याची पहिली बस सहा वाजून पाच मिनिटांनी सुटते. पेंटर पाच चाळीसला रंग ढवळायला बसेल, आणि डब्याचं झाकण शिखरावर पोचेपर्यंत उघडणार नाही.